डिझेलच्या टाकीत कॅनचं बूच आणि नरसाळ्याची जाळी पडली आहे, टाकी न उतरवता निघेल का?

खानापूर_पिकअप
बोलेरो पिकअप, बीएस४, कॉमन रेल (फार जास्त दाबाने डिझेल मारणारं इंजिन). भाजी घेऊन बेळगाव-चोर्ला-गोवा अशी चालते. २० लिटरच्या कॅनमधून डिझेल ओतताना कॅनचं आतलं पांढरं प्लास्टिकचं बूच (४० मिमीच्या आसपास) टाकीत गेलं, पाठोपाठ नरसाळ्याची पितळी जाळीही. काटा निम्म्यावर आहे. सपाटीला गाडी ठीक चालते. गोव्याकडून परत घाट चढताना मात्र दम टाकते, कधी बंदच पडते. पाच-दहा मिनिटं थांबून स्टार्टर मारला की काही झालंच नाही अशी निघते. गॅरेजवाले टाकी उतरवायला सांगतात. त्याशिवाय काही होतं का? लांब दांडीचा चुंबक आणून ठेवलाय.

निपाणी_४०७
सोडून द्या की ओ. जुन्या गाड्यांच्या टाक्या उघडल्या की नट, बूच, पान्याचे तुकडे काय काय निघतंय. बुडाला पडून राहतंय, इंजिनपर्यंत जात नाही. सक्शनला (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला) जाळी असते, वर फिल्टर असतो.

रसायनमास्तर
चुंबक ठेवून द्या, तुमच्या दोन्ही वस्तूंना तो चिकटणार नाही. एक प्लास्टिक, दुसरी पितळ. ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, आणि स्टेनलेसच्या पुष्कळ वस्तूंना जेमतेम चिकटतो. गाडीची किल्ली पडली असती तरी आधी तिच्यासारखी दुसरी किल्ली चुंबकाला लावून बघा म्हटलं असतं, कारण बऱ्याच किल्ल्या पितळेच्या असून वर निकेलचा मुलामा असतो.

दुसरं म्हणजे बूच तरंगत असेल या हिशेबाने वरवर शोधू नका. असली बुचं पॉलिथिनची असतात, घनता ०.९२ ते ०.९६. पाण्यात तरंगतात. डिझेलची घनता मात्र ०.८२ ते ०.८४५ च्या दरम्यान असते, म्हणजे तेच बूच डिझेलमध्ये बुडतं. खात्री करायची तर दुसऱ्या कॅनचं बूच काढून काचेच्या ग्लासभर डिझेलमध्ये टाका. हळूहळू, डुलत खाली जातं. म्हणून ते टाकीच्या बुडाला आहे आणि डिझेल हलेल तसं तेही सरकतंय. जाळी जड, ती जिथे पडली तिथेच असण्याची शक्यता जास्त.

पंपवाला
निपाणीकरांचं म्हणणं नटाला लागू आहे, बुचाला नाही. टाकीत काय पडलं त्यावर सगळं ठरतं. नट किंवा नाणं बुडाला निपचित पडून राहतं, सक्शनची जाळी त्याला अडवते. खरा त्रास चपट्या आणि हलक्या वस्तूंचा: बूच, कॅनच्या तोंडाचा चंदेरी कागद, गुटख्याची पुडी, फडक्याचा तुकडा. त्यांना सक्शन ओढून घेतं आणि त्या जाळीवर पालथ्या बसतात.

लक्षणं तेच सांगतायत. सपाटीला इंजिन थोडं डिझेल मागतं, बुचाच्या कडेने तेवढं मिळून जातं. चढाला लोड आला की मागणी वाढते, ओढ वाढते, बूच घट्ट बसतं आणि लाइन उपाशी राहते. इंजिन बंद झालं की ओढ संपते, बूच सुटून पडतं, गाडी परत चालू होते. फिल्टर चोंदला असता तर पाच मिनिटं थांबून एवढा फरक पडला नसता.

पण टाकीला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा लगेच टाकीचं झाकण फिरवा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी तात्काळ चालू झाली तर झाकणाचं हवा घ्यायचं भोक बुजलंय. टाकीत पोकळी तयार होऊन अगदी असंच होतं आणि त्याचा इलाज झाकण बदलणं एवढाच. आवाज आला नाही तर दुसरी चाचणी करा. टाकीकडून फिल्टरला येणारी आणि परतीची अशा दोन्ही नळ्या सोडवून १० लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये घाला, कॅन नीट बांधा आणि जांबोटीच्या अलीकडे एखाद्या चढावर लोड देऊन बघा. गाडी खेचली की दोष टाकीतच आहे. तरीही दम टाकत असेल तर फिल्टर, लाइनमधली हवा, पंप या बाजूला शोधा, बूच मग नुसतं संशयित.

खानापूर_पिकअप
झाकणाचा आवाज येत नाही, ते बघितलंय. कॅनवर चालवून बघितली, मस्त खेचते. म्हणजे टाकीतच. वाटेत परत अडकलं तर तात्पुरतं काय करायचं?

पंपवाला
टाकीचं झाकण उघडं ठेवा. फिल्टरकडची येणारी नळी सोडवा आणि तिच्यात सायकलच्या पंपाने उलटी हवा मारा. आत बुडबुड आवाज आला की बूच जाळीवरून उडालं. नळी परत लावून प्रायमर (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायचा पंप) कडक होईपर्यंत दाबा. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर लावू नका, त्या दाबाने सक्शनची जाळी फाटते नाहीतर टाकीवरच्या फ्लोटची (डिझेलच्या काट्याला माप देणाऱ्या भागाची) सील उचलते. आणि हा घाट पार करण्यापुरता उपाय आहे, रोजचा नव्हे.

चंदगडी
सोपं करून सांगतो. टाकीत पाच लिटर पाणी ओता. पाणी खाली बसेल, बूच त्याच्यावर तरंगेल, वर येईल. मास्तरांच्याच हिशेबाने.

रसायनमास्तर
हिशेब बरोबर आहे, पण तो पूर्ण करा. बूच वर येईल ते पाणी आणि डिझेलच्या मधल्या रेषेपर्यंतच, कारण त्याच्या वर डिझेल आहे. टाकीच्या तोंडाशी यायचं तर पाणीच तोंडापर्यंत हवं.

पंपवाला
आणि तोवर सक्शनच्या तोंडाशी नुसतं पाणी असेल. कॉमन रेलमध्ये पंप आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं, पाणी नव्हे. पाणी गेलेल्या पंपाची दुरुस्ती किती बसते ते बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही कॅलिब्रेशनवाल्याला विचारा. गाडीवर असलेल्या टाकीत पाणी अजिबात नको. टाकी उतरवून, पूर्ण रिकामी करून, बाकड्यावर ठेवल्यावर मात्र ही युक्ती फार चांगली आहे. सक्शन आणि परतीच्या तोंडांना बुचं मारा, काठोकाठ पाणी भरा, प्लास्टिकची वस्तू आपसूक फ्लोटच्या भोकाशी येते. नंतर टाकी पालथी घालून, उन्हात वाळवून, दोन लिटर डिझेलने दोनदा खळबळून ते डिझेल बाजूला काढायचं. पत्र्याच्या टाकीला हे करू नये, आतून गंज धरतो.

उद्यमबाग_टर्नर
आता टाकी न उतरवता काढायचं बघू. तोंडातून पंजा (लांब दांडीचा पकडायचा चिमटा) घालायचा प्रयत्न सगळे करतात आणि सगळे तिथेच अडकतात. भरायची नळी वाकडी असते, तिच्या शेवटी काही गाड्यांना डिझेल उलटं येऊ नये म्हणून झडप असते, आणि टाकीत आडभिंती असतात. पंजा झडपेत गुंतला तर काढायच्या वस्तू दोनाच्या तीन होतात.

तोंडातून जाऊ नका. भरायचा लोखंडी गळा आणि टाकी यांच्यामध्ये रबरी होज असतो, दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा. दोन्ही क्लिपा ढिल्या करून होज पिळून काढा. शेजारची बारीक ब्रीदरची नळीही सोडवा. आता टाकीचं तोंड थेट समोर आलं. होजचं आतलं माप साधारण ५० मिमी असतं, तुमचं ४० चं बूच त्यातून निघतं. होज जुना होऊन चिकटला असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, फाटतो. गरम पाण्याचं फडकं गुंडाळून दोन मिनिटं ठेवा, मग फिरवा.

हे सगळं सकाळी, गाडी रात्रभर थंड झाल्यावर करा. बाकी तयारी: गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. घाटातून आल्या आल्या टाकीला हात लावून बघा, कोमट लागते, कारण कॉमन रेलचं परतीचं डिझेल गरम होऊनच टाकीत येतं.

रसायनमास्तर
यात भर घालतो. डिझेलला आग लागत नाही अशी एक समजूत आहे. हायस्पीड डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते तो) आपल्याकडच्या मानकाप्रमाणे किमान ३५ अंश आहे. एप्रिल-मेच्या दुपारी बेळगावात पारा तिथवर जातो, आणि परतीच्या गरम डिझेलची टाकी त्याच्याही वर. म्हणजे दुपारी उघडलेल्या टाकीवरची वाफ पेट घेऊ शकते. वायरचा हँडलॅम्प, बिडी, ग्राइंडर सगळं लांब. उजेडाला बंद काचेची एलईडी टॉर्च. जवळ पावडरचा अग्निशामक आणि बादलीभर कोरडी वाळू.

आणि नळीने तोंडाने ओढू नका. डिझेल पोटात गेल्यापेक्षा फुफ्फुसात गेलेलं वाईट, घोटभरानेही रासायनिक न्यूमोनिया होतो. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करायला लावू नका, उलटीबरोबर तेच फुफ्फुसात जातं. थेट दवाखाना गाठा.

उद्यमबाग_टर्नर
बरोबर. दाबायचा रबरी फुगा असलेला हातपंप मिळतो, तो वापरा.

निम्मी टाकी आहे तर बहुतेक डिझेल स्वच्छ, कोरड्या कॅनमध्ये काढा, पण सगळं नको. बुडाला चार बोटं राहू द्या, ते का ते आता सांगतो. पंज्याने बूच पकडणं अवघड जातं. कड गुळगुळीत असते, पंजा मिटला की ते निसटून आडभिंतीच्या पलीकडे जातं. त्यापेक्षा ज्या ओढीने त्रास दिला तीच वापरा. आतून २० मिमीची पारदर्शक, जाड भिंतीची नळी घ्या, दोन मीटर. एक टोक काटकोनात स्वच्छ कापा, कड सपाट पाहिजे. पातळ नळी आत पिचकते आणि ओढ जाते, म्हणून जाड. टाकीपासून अर्धा मीटर तरी खाली, जमिनीवर घमेलं ठेवून हातपंपाने सायफन चालू करा आणि पंप काढून घ्या. वाहत्या नळीचं टोक बुडावर फिरवत राहा. बूच टोकावर बसलं की घमेल्यातली धार एकदम तुटते. तीच खूण. तिथे थांबा, नळी हलवू नका. धार खरोखर बंद आहे ना ते बघा आणि मग सावकाश, सरळ वर घ्या. तोंडाशी दुसऱ्या हाताने चिमट्यात धरा.

अर्धा मीटर उतार आणि २० मिमीची नळी म्हणजे बुचावर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास ओढ येते. बुचाचं वजन दहा ग्रॅमही नसेल. वर येताना सुटलं तर नळी बहुतेक तिरकी झालेली असते किंवा कड वाकडी कापलेली असते.

निपाणी_४०७
हे झकास आहे. पण आडभिंतीच्या पलीकडे गेलं असेल तर?

उद्यमबाग_टर्नर
मग आधी ते कुठे आहे ते बघायचं. मोबाईलला लागणारा बारीक कॅमेरा मिळतो, ५.५ किंवा ८ मिमीचा. थंड डिझेलच्या टाकीत चालतो, पेट्रोलच्या टाकीत नाही. डिझेल ढवळल्यावर चित्र गढूळ दिसतं, दहा मिनिटं शांत होऊ द्या. आडभिंतींना खालून डिझेल जायला भोकं असतात. ज्या बाजूला वस्तू हवी त्याच्या विरुद्ध बाजूचं चाक जॅकने चार-पाच इंच उचला, खाली स्टँड लावा आणि हातपंपाने त्या बाजूला डिझेलची धार मारून बूच हुसका. नुसत्या उताराने ते नीट घसरत नाही, धारेने सरकतं. भोक बुचापेक्षा लहान असेल तर ते पलीकडे गेलेलंच नसतं, तो प्रश्न मिटला.

खानापूर_पिकअप
आणि जाळी? ती बुडाला चिकटल्यासारखी असणार.

उद्यमबाग_टर्नर
जाळीला चार बोटांचा स्प्रिंगवाला पंजा चालतो, ६० सेंमीचा. जाळीच्या भोकात पंज्याचं बोट अडकतं, बुचासारखी निसटत नाही. किंवा ३ मिमीच्या पितळी तारेला टोकाशी मासेमारीच्या गळासारखा आकडा करा. पितळेचीच तार सांगतो कारण पत्र्याच्या टाकीला घासली तरी ठिणगी पडत नाही.

पंपवाला
जाळी काढाच. बूच निघालं, गाडी चालली, म्हणून जाळी सोडून देणारे असतात. ती हलून हलून तुटते आणि एकेक तार सुटी होते. शिवाय तांबं आणि जस्त दोन्ही डिझेल लवकर खराब करतात, त्यातला डिंक वाढतो, आणि पितळ म्हणजे तेच दोन. एका जाळीने रातोरात काही होत नाही, पण कॉमन रेलच्या टाकीत ती मुद्दाम ठेवायचं कारण नाही.

अथणी_ट्रॅक्टर
ट्रॅक्टरवाल्यांसाठी जोडतो, कारण ऊसतोडीच्या दिवसात हाच प्रश्न दर आठवड्याला येतो. ट्रॅक्टरच्या भरायच्या तोंडात मुळात जाळीचं भांडं असतं. डिझेल हळू जातं म्हणून लोक ते काढून ठेवतात आणि मग टाकीत पाचटाचा भुगा जातो. सुका पाला वर तरंगतो, भिजला की बुडतो आणि कॉकच्या भोकात बसतो. इथे सायफनची युक्ती नको. खालचा कॉक पूर्ण काढा, टाकी कॉकवाटे घमेल्यात सोडा, दोन-तीन लिटर डिझेलने वरून खळबळा. कॉकच्या वर उभी जाळीची नळी असेल तर ती ब्रशने धुवा. परत बसवताना वॉशर नवा.

लोखंडी नट ट्रॅक्टरच्या प्लास्टिकच्या टाकीत पडला तर चुंबक बाहेरून लावा. भिंतीतूनही ओढ लागते, नटाला बुडावरून ओढत कॉकपर्यंत किंवा भिंतीवरून तोंडापर्यंत आणता येतो. पत्र्याच्या टाकीत चुंबक स्वतःच भिंतीला चिकटतो, तिथे तो प्लास्टिकच्या नळीत असा बसवा की फक्त पुढचा चेहरा उघडा राहील.

चंदगडी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा वेल्डरकडून टाकीला वर एक चौकोन कापून घेतला आणि झाकण बसवलं तर?

पंपवाला
नको. रिकाम्या दिसणाऱ्या डिझेलच्या टाकीत वाफ असते आणि सांध्यात चिकटलेलं डिझेल असतं. गॅस कटर लागला की ते तापून वाफ होतं आणि टाकी फुटते. वर्कशॉपमधले मोठे अपघात असेच होतात. अवघ्या एका बुचासाठी हा विचारही करू नका. वरून उघडायचंच असेल तर त्यासाठी फ्लोटचं तोंड आधीच दिलेलं आहे.

टाकी उतरवायची वेळ आलीच तर ती रिकामी करून उतरवा, ३० लिटर डिझेल म्हणजे २५ किलो वजन हलतं. खाली फळी ठेवून जॅकचा आधार द्या, मग पट्ट्यांचे नट सोडा. चार-पाच इंच खाली घेतल्यावर वरच्या नळ्या दिसतात. येणारी आणि परतीची यांवर वेगवेगळ्या रंगाची टेप लावूनच काढा, उलटसुलट लागल्या तर गाडी हवा ओढते. फ्लोट खोलण्याआधी टाकीचा माथा ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ करा. तिथे चोर्ल्याची लाल माती बोटभर साचलेली असते, ती आत पडली तर बुचापेक्षा वाईट.

खानापूर_पिकअप
होज काढून सायफनने करतो, येत्या रविवारी सकाळी. परत जोडताना काय बघायचं?

पंपवाला
होजच्या क्लिपा नव्या, स्वस्त मिळतात. फ्लोट उघडला असेल तर त्याची रबरी रिंग फुगलेली निघते, खाचेत बसत नाही. नवी आणून ठेवा. नसेलच तर जुनी एक-दोन दिवस उघडी ठेवली की पुष्कळशी आकसते, तेवढ्यावर काम निघतं. सिलिकॉनचा लेप लावू नका. डिझेलने तो सुटतो आणि त्याच्या शेवया सक्शनवर जाऊन बसतात, म्हणजे पुन्हा घाटात उभे.

डिझेल फिल्टर बदला, जुना ठेवू नका. काढलेलं डिझेल रात्रभर कॅनमध्ये निवळू द्या आणि परत ओतताना खालचं दोन बोटं सोडून द्या. पावसाळ्यात कॅनमधलं असेल तर बुडाला पाण्याचे थेंब मोत्यासारखे दिसतात, कॅन तिरपा करून टॉर्च मारून बघा. नंतर प्रायमर दाबत राहा. आधी मऊ लागेल, मग कडक होईल. कडक झाल्याशिवाय स्टार्टर नको. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. हवा काढायला हायप्रेशर पाइपचे नट ढिले करायचे नाहीत. जुन्या पंपाच्या गाड्यांना ते चालायचं. कॉमन रेलमध्ये तो दाब हजार बारच्याही वर जातो, ती धार कातडी फोडून आत जाते.

चालू झाल्यावर दहा मिनिटं आयडलला ठेवून होजच्या दोन्ही टोकांना कोरडा कागद फिरवा. ठिपका आला तर क्लिप पाव फेरा आवळा. टाकी फुल केल्यावर पुन्हा एकदा बघा, कारण होजपर्यंत डिझेल तेव्हाच पोचतं.

निपाणी_४०७
नरसाळ्यात परत नुसती ठेवायची जाळी टाकू नका. डाख देऊन बसवलेल्या जाळीचं पत्र्याचं नरसाळं घ्या. आणि कॅनचं आतलं बूच कॅनच्या मुठीला दोरीने बांधून टाका.

अथणी_ट्रॅक्टर
दोरी नायलॉनची. सुताची असली की तिचे धागे डिझेलमध्ये सुटतात.